पुरस्काराचा अर्ज दोनदा लिहिला, त्याची गोष्ट

'अथक परिश्रम', 'निःस्वार्थ सेवा', 'रुग्णसेवेचा वसा' आणि 'करोना योद्धा'. २०२३ साली मी आमच्या मावशीसाठी पुरस्काराचा जो अर्ज लिहिला, त्याच्या पहिल्याच परिच्छेदात हे चारही शब्द होते. अर्ज नापास झाला. आज तो वाचला की निवड समितीचा जराही राग येत नाही.

मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण नव्हे. आईच्या माहेरची, अमळनेरकडची, आणि उधन्याला आमच्या चाळीत समोरच्या खोलीत राहायला आलेली, म्हणून मावशी. सुरतमध्ये महापालिकेच्या एका आरोग्य केंद्रात ती एएनएम आहे. वस्तीतले लोक तिला 'सिस्टरबेन' म्हणतात. गणवेश, खांद्याला पिशवी, हातात लसीचा निळा डबा, असं तिला मी लहानपणापासून बघतोय. तिचं नाव इथे देत नाही. 'माझं नाव पुन्हा कुठे छापू नको' अशी तिची अट आहे, आणि ती का आहे ते पुढे कळेलच.

सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांना दर वर्षी पुरस्कार देणारी एक संस्था आहे. तिची जाहिरात मला फोनवर आली. पाचशे शब्दांत कामाची माहिती, दोन शिफारसपत्रं, कार्यालयाचं पत्र आणि गणवेशातला फोटो. मी सॉफ्टवेअरवाला. फॉर्म भरणं आपल्याला काय अवघड? नेटवर नमुने शोधले, एका रात्रीत मजकूर लिहिला आणि तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, 'छान आहे रे. पण हे कोणाबद्दल आहे?' मला वाटलं, विनयाने म्हणतेय.

फोटोसाठी तिने गणवेश इस्त्री करून घेतला, स्टुडिओत जाऊन आली. अमळनेरला भावाला फोन करून सांगितलं. निकालाच्या यादीत नाव नव्हतं. तिने मला काहीच म्हटलं नाही, फक्त भावाला परत फोन करायचा राहिला, तो तिने आठवडाभर केला नाही. ती गोष्ट मला लागली. तिने कधी पुरस्कार मागितलाच नव्हता. मीच तिला उभं केलं आणि मीच पाडलं.

माझी आतेबहीण अटलांटात असते, तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याशी तिच्या कामाचा संबंध येतो. अमेरिकेत 'पब्लिक हेल्थ सर्व्हिस'चं गणवेशधारी दल आहे. नौदलासारखा पोशाख, नौदलासारखी पदं, पण हातात बंदूक नाही. डॉक्टर, नर्स, औषधनिर्माते, अभियंते असे सुमारे सहा हजार अधिकारी त्यात आहेत आणि १८८९ च्या कायद्याने ते उभं राहिलं. विवेक मूर्ती सर्जन जनरल असताना टीव्हीवर पांढऱ्या नाहीतर काळ्या गणवेशात दिसायचे, तेच हे दल. तिथे साथीच्या, वादळाच्या कामावरून परतलेल्या अधिकाऱ्यांसाठी पदकांच्या शिफारशी सहकाऱ्यांना आणि वरिष्ठांना नेहमी लिहाव्या लागतात, त्यामुळे ताईच्या डोळ्यांखालून असे कागद गेलेले. तिला मी माझा नापास अर्ज पाठवला. तिचा उलट निरोप एका ओळीचा होता: 'यातलं मावशीचं नाव खोड आणि जगातल्या कुठल्याही नर्सचं घाल. काय बदललं?'

काहीच बदललं नाही.

हे आम्हा संगणकवाल्यांना खरं तर आधी कळायला हवं. ऑफिसात कोणी 'सिस्टिम नीट चालत नाही' एवढीच तक्रार टाकली तर आम्ही ती तशीच परत पाठवतो. कधी, कुठे, काय केल्यावर, आधी काय होत होतं, आता काय होतंय, हे लिही मग बोल. तोच मी मावशीच्या तीस वर्षांबद्दल 'सिस्टिम खूप छान चालते' एवढंच लिहून मोकळा झालो होतो.

पण आरोग्याच्या कामात एक जास्तीची अडचण आहे. सर्जनने ऑपरेशन केलं तर पेशंट दाखवता येतो. मावशीचं काम नीट झालं, तर काहीच घडत नाही. गोवर येत नाही, बाळंतपणात कोणी दगावत नाही, पुरानंतर वस्तीत कावीळ पसरत नाही. जे घडलंच नाही त्याचा फोटो कसा काढायचा? आमच्याकडेही रात्री सर्व्हर बंद पडला आणि कोणी तो दोन तासांत उभा केला तर त्याचं कौतुक होतं. ज्याच्यामुळे तो वर्षभर पडलाच नाही त्याचं नाव कोणाला आठवत नाही.

सुरतकरांना याचं एक उदाहरण घरचंच आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये वेड रोडच्या भागातून प्लेगचे रुग्ण येऊ लागले. त्या भागात आपले महाराष्ट्रातून आलेले कामगार मोठ्या संख्येने राहत होते. बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडलं. खाजगी दवाखान्यांना कुलपं लागली, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून संपल्या. मृत्यू पन्नासच्या थोडे वर होते, पण सुरतचं नाव जगभर बदनाम झालं. मग १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. अधिकाऱ्यांनी रोज सकाळी वातानुकूलित केबिन सोडून रस्त्यावर जायचं, कचरा आणि गटारं स्वतः बघायची, दुपारी एकत्र बसून हिशेब द्यायचा, हा त्यांचा नेम. शहराचे सहा झोन करून प्रत्येक झोनच्या प्रमुखाला जागीच निर्णयाचे अधिकार दिले. १९९६ मध्ये 'इन्टॅक' या संस्थेने चंदिगडनंतर देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून सुरतचं नाव घेतलं, आणि १९९८ मध्ये राव यांना पद्मश्री मिळाली. (२०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर सुरत इंदूरच्या बरोबरीने पहिलं आलं. आमच्या गल्लीतल्या काही मंडळींना हे अजून कळवायचं आहे.)

रावांच्या कामाची गोष्ट सांगायला सोपी आहे, कारण तिला 'आधी' आणि 'नंतर' आहे. आधी उकिरडा, नंतर झाडलेला रस्ता. मावशीची गोष्ट सांगताना मला तोच सांगाडा हवा होता, पण तिचं 'आधी' कुठे आहे हेच मला माहीत नव्हतं. म्हणून २०२४ मध्ये अर्जाची मुदत जवळ आली तेव्हा मी लिहिणं बाजूला ठेवलं आणि चार रविवार तिच्याकडे जाऊन बसलो. प्रश्न विचारायचे आणि ऐकायचं. 'तू काय काय केलंस?' असं विचारलं की ती म्हणायची, 'सगळे करतात तेच.' मग मी प्रश्न बदलला. 'तू सुट्टीवर गेलीस की काय अडतं?' यावर ती पाऊण तास बोलली.

तिच्या केंद्राच्या भागात लूम्सचे कारखाने आहेत. बारा-बारा तासांच्या पाळ्या. बायका घरी बसून साड्यांना टिक्की चिकटवतात, लेस लावतात. मजुरी नगावर. सकाळी केंद्रावर लसीसाठी रांगेत उभं राहिलं तर तेवढ्या साड्या गेल्या. त्यामुळे 'लोक अडाणी आहेत, लस घेत नाहीत' हे म्हणणं तिला मान्यच नाही. तिने वरिष्ठांशी बोलून काही गल्ल्यांतली सत्रं दुपारी, माल उचलून नेणारा टेम्पो येऊन गेल्यावर घ्यायला सुरुवात केली. टेम्पोची वेळ तिला पाठ आहे.

दुसरी अडचण गावी जाण्याची. खानदेशातली कुटुंबं आखाजीला गावी जातात, ओडिशाची, उत्तर प्रदेशची माणसं लग्नसराईत आणि दिवाळीत जातात. बाळाचा दीड महिन्याचा डोस सुरतला झालेला, अडीच महिन्यांचा राहतो, साडेतीनचा राहतो, आणि परत येतात तेव्हा खोली बदललेली असते. रजिस्टरमध्ये नाव आहे, पण मूल नाही. मावशी काय करते, तर आखाजीच्या पंधरा दिवस आधी एक वेगळी यादी काढते. कोण जाणार, कुठल्या गावी, कधी येणार, कोणाचा डोस मध्ये येतो. ज्याचा लगेच देता येतो त्याला देऊन टाकते. बाकीच्यांच्या ममता कार्डावर पुढची तारीख मोठ्या आकड्यांत लिहिते आणि गावच्या केंद्राच्या सिस्टरला फोन करते. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, ताप्ती लाईनवरच्या निम्म्या सिस्टर तिला आवाजावरून ओळखतात.

'हे तुला कोणी करायला सांगितलं?' मी विचारलं.

'कोणी कशाला सांगेल? प्लेगपासून करते.'

मग तिने माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरवायला लावली. आत जुन्या खिशातल्या डायऱ्या होत्या. सरकारी रजिस्टरं नव्हेत, ती केंद्रातच असतात. या तिच्या स्वतःच्या नोंदी. १९९४ साली ती नोकरीत नवी होती. प्लेगच्या त्या आठवड्यात तिने घरोघरी टेट्रासायक्लिन वाटली होती. त्याबद्दल मी आदल्या वर्षी अर्जात अर्धं पान लिहिलं होतं, 'जिवाची पर्वा न करता' वगैरे. तिला मात्र त्यात काही विशेष वाटत नाही. 'ड्युटी होती. आणि पळून कुठे जाणार होते?' पण गोळ्या वाटताना तिला कुलपं दिसत होती, आणि प्रत्येक कुलपामागे एखादं बाळ होतं ज्याचा डोस चुकणार होता. म्हणून डायरीत तिने खोलीनिहाय लिहून ठेवलं होतं की कोण गेलं, कुठे गेलं, घरात किती महिन्यांचं मूल आहे.

त्या पानांवर आमची खोली होती. 'खोली ९. गावी. मुलगी ८ महिने. गोवर बाकी.' पुढे वेगळ्या शाईत: 'दिवाळीनंतर परत. दिला.'

ती आठ महिन्यांची मुलगी म्हणजे माझी धाकटी बहीण. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. स्टेशनवरची गर्दी आणि वडिलांच्या खांद्यावरून दिसणारी डोकी, एवढंच मला आठवतं. आईला विचारलं तर म्हणाली, 'हो, आल्या आल्या दुसऱ्या दिवशी दारात उभी होती डबा घेऊन. मी म्हटलं, अगं चहा तरी घे.'

मला माझं 'आधी' मिळालं. प्लेगने घाबरून शहर रिकामं झालं तेव्हा एका नव्या नर्सच्या लक्षात आलं की पळालेल्या माणसांपेक्षा चुकलेले डोस शोधणं कठीण आहे, आणि तिने त्यासाठी वही घातली. ती वही तीस वर्षं चालू आहे. हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही नर्सच्या नावावर खपणार नाही.

नवा अर्ज मी या एकाच गोष्टीवर लिहिला. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचं पाणी सोडलं आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला, त्याचे दोन वाक्यांत उल्लेख, कारण तेव्हाही वस्ती विखुरली होती आणि तीच वही उपयोगी पडली होती. करोना एका वाक्यात, त्याच कारणाने: मजूर पायी गावी निघाले होते. बाकी सगळं गाळलं. तिला मिळालेली आठ-दहा प्रशस्तिपत्रं, रक्तदान शिबिरं, योगदिन, सगळं. गाळताना हात थरथरतो हे खरं, वाटतं की यातल्याच एखाद्या कागदाने काम व्हायचं. पण परीक्षकाच्या पुढ्यात ढीग असतो आणि त्याला प्रत्येक अर्जातलं एकच काहीतरी लक्षात राहणार असतं. ते काय असावं हे आपण ठरवलं नाही तर तो ठरवतो, किंवा काहीच ठरवत नाही.

आकड्यांवरून आमचं भांडण झालं. मी 'हजारो बालकांना' असं लिहिलं होतं. ती म्हणाली, हजारो कोणी मोजली? जे मोजलंय ते लिही. मग त्या वर्षीच्या आखाजीच्या यादीतली मुलं मोजली. एकेचाळीस. त्यांतल्या अडतीस जणांचा डोस वेळेवर किंवा गावी झालेला, तिघांचा पत्ता लागला नाही. ते तिघेही मी अर्जात लिहिले. हजारोंपेक्षा अडतीस हा आकडा छोटा दिसतो अशी मला धास्ती होती. नंतर समितीतल्या एका बाईंनी सांगितलं की त्या तिघांमुळे त्यांचा बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसला. मुलांची नावं, फोटो, पत्ते यातलं काही बाहेर द्यायचं नाही, हे मात्र तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. डायरीच्या पानाचा फोटो जोडला तोही नावं झाकून.

त्याहून मोठं भांडण 'मी'वरून झालं. मसुदा वाचून ती गप्प बसली आणि मग आमच्या अहिराणीत म्हणाली, 'कसाले इतलं लिखस रे? मी एकटी करस का?' तिच्याबरोबर आशाबेन फिरतात, मलेरियाचे कर्मचारी घरोघरी पाण्याच्या टाक्या तपासतात तेव्हा तेही 'खोली नंबर अमुक, नवीन भाडेकरू, लहान मूल' असं तिला सांगतात. मेडिकल ऑफिसरने दुपारच्या सत्राला परवानगी दिली नसती तर काय झालं असतं? तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं, आणि पुरस्काराच्या फॉर्ममध्ये नाव एकाचंच लिहायची जागा होती. मी यावर असा तोडगा काढला की प्रत्येक वाक्यात करणारा कोण ते स्पष्ट लिहायचं. यादीची कल्पना तिची, दुपारच्या वेळेचा आग्रह तिचा, परवानगी मेडिकल ऑफिसरची, शोधाशोध आशाबेनांची आणि मलेरियाच्या मंडळींची. श्रेय वाटलं तर अर्ज पातळ होईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच, तिचं जे होतं ते उठून दिसलं. आणि ती सही करायला तयार झाली.

शिफारसपत्रांचंही तसंच. पहिल्या वर्षी एका ओळखीच्या डॉक्टरांनी 'कष्टाळू, प्रामाणिक व मनमिळाऊ' असं पत्र दिलं होतं, जे बहुधा ते सगळ्यांनाच देतात. या वेळी मी पत्र मागताना सांगितलं की विशेषणं नकोत, तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला एक प्रसंग लिहा. डॉक्टरांनी दुपारच्या सत्राचा लिहिला. दुसरं पत्र लूम्सच्या एका कारखान्याच्या शेठजींकडून आणलं. त्यांनी गुजरातीत सहा ओळी लिहिल्या की या बेन पाळी बदलताना फाटकाशी उभ्या राहून बापांना पकडतात आणि बाळाची तारीख विचारतात, सुरुवातीला मला राग यायचा, आता फाटकाशी खुर्ची ठेवली आहे. पूर्ण अर्जात ती खुर्ची सगळ्यात भारी आहे, आणि ती मला सुचली नसती.

तुमच्यापैकी कोणाला आपल्या भागातल्या सिस्टरचं नाव पुढे करावंसं वाटलं तर दोन गोष्टी सांगतो. परिचारिकांसाठी देशातला मोठा सन्मान म्हणजे राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तो १९७३ साली सुरू केला, राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जातो आणि त्यात एएनएमनाही जागा आहे. आपल्या शेजारी बडोद्याच्या सयाजी रुग्णालयातल्या भानुमती घीवाला यांना २०२१ चा पुरस्कार मिळाला. करोना झालेल्या गर्भवती आणि त्यांची नवजात बाळं त्यांनी सांभाळली होती. इथे नाव सहसा संस्थेमार्फत, राज्यामार्फत पुढे जातं, त्यामुळे आधी तिच्या कार्यालयाशी बोलायचं. पद्म पुरस्कारांसाठी मात्र कोणीही नागरिक ऑनलाइन नाव सुचवू शकतो, माहिती आठशे शब्दांत बसवायची असते. पण नियम नीट वाचा. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून सेवेतले सरकारी कर्मचारी त्यात बसत नाहीत असा नियम आहे. अंदमानात ओंगी लोकांमध्ये काम करणाऱ्या परिचारिका शांती तेरेसा लाक्रा यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली होती, म्हणजे दार अगदीच बंद नसावं, तरी सेवेत असलेल्या सिस्टरसाठी मी तरी पहिला अर्ज तिथे करणार नाही. आणि कुठलाही अर्ज असो, कार्यालयाच्या पत्राला आठवडे लागतात. मी शेवटच्या दिवशी संध्याकाळी ते पत्र घेऊन स्कॅनरचं दुकान शोधत फिरत होतो, तसं करू नका.

२०२४ चा निकाल लागला तेव्हा यादीत तिचं नाव होतं. भावाला फोन मीच केला. समारंभात निवेदिकेने अर्जातलाच मजकूर गुजरातीतून वाचला आणि 'आखाजी'चं 'अखात्रीज' केलं. मावशीने स्टेजवरून, माईक नसताना, 'आखाजी' असं दुरुस्त केलं. पहिल्या रांगेतल्या आशाबेनांनी टाळ्या वाजवल्या. नंतर पंधरा दिवस लोक तिला रस्त्यात थांबवून पेढे मागत राहिले, सत्राला उशीर व्हायला लागला, आणि तेव्हापासून नाव न छापायची अट आहे. मानचिन्ह फ्रिजवर आहे, त्याच्या शेजारी लसीच्या डब्याचं झाकण वाळत असतं.

या वर्षी ती निवृत्त होतेय. तिच्या जागी येणारी मुलगी ओडिशाची आहे, मराठी डायऱ्या तिला वाचता येणार नाहीत. म्हणून आखाजीची यादी मोबाईलवर, तीन भाषांत चालेल अशी करून दे, असं मावशीने मला सांगितलंय. खोली नंबर, गाव, बाळाचं वय, बाकी डोस, परत कधी. मी तिला विचारलं, टेम्पोची वेळ कुठल्या रकान्यात घालायची? ती म्हणाली, ते मी तिला तोंडी सांगेन, दर महिन्याला बदलते. पहिला रकाना आम्ही गेल्या रविवारी भरला.